हरणाबाईंच्या शेळीला दीड भाकर

वस्तू: शेळी.
रंग: काळा. कपाळावर चुन्याचं बोट टेकवल्यासारखा एक पांढरा ठिपका.
नाव: कलेक्टरीण. रोज सकाळी गावातल्या प्रत्येक दारात उभी राहून आत पाहणी करते, म्हणून.
मालकीण: हरणाबाई, तामलवाडी.
विकण्याचं कारण: मालकीण येत्या रविवारी मुलाकडं पुण्याला राहायला चालल्या आहेत. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. घर तिसऱ्या मजल्यावर. शेळीला लिफ्ट चालेल, सोसायटीला शेळी चालणार नाही.
दूध: एक कप. मी समोर बसून पाहिलं. एवढ्यात दोघांचा चहाही होत नाही.
स्वभाव: परीक्षण चालू असताना माझ्या वहीचं एक पान खाल्लं. त्यावर तिचेच चांगले गुण लिहिले होते. मग इअरफोन खाल्ला. डावा पूर्ण, उजवा अर्धा.
फायदे: दिसायला चांगली.
तोटे: वर आले.
घ्यावं का? नाही.
गुण: पाचपैकी दीड भाकर.

हे मी सोमवारी संध्याकाळी सात वाजता ब्लॉगवर टाकलं, आणि तिथून सगळं बिघडलं.

मी भागवत. तामलवाडीत रस्त्याला लागून माझं फॉर्म भरून देण्याचं केंद्र आहे. पीकविमा, जातीचा दाखला, दहावीचा निकाल, आधारला मोबाइल जोडणं. उरलेल्या वेळात मी ‘घ्यावं का?’ नावाचा ब्लॉग लिहितो. कुणी काही घ्यायला निघालं की ती वस्तू मी आधी वापरून बघतो आणि भाकरीत गुण देतो. तारे देत नाही. ताऱ्यांनी आमच्याकडं कुणाचं पोट भरत नाही.

हे कोण वाचणार, असं मलाही वाटलं होतं. मग बलभीमअण्णांच्या भांड्याच्या दुकानातल्या कुकरबद्दल लिहिलं: ‘शिट्टी होते, पण लाजत होते. शेजारच्या खोलीत ऐकू जात नाही.’ दोन भाकरी. पोस्ट गावोगावच्या ग्रुपवर फिरली. त्या दिवसापासून अण्णांच्या फळीवर ते कुकर पंगतीतल्या पाहुण्यांसारखे ओळीनं बसून आहेत. बायका येतात, ‘त्यो लाजरा कुकर दावा की’ म्हणतात, हसतात, आणि ताटल्या घेऊन जातात.

फवारणीच्या एका पंपाला साडेचार भाकरी दिल्या, तर ढोकीहून एका माणसाचा फोन आला.
“दादा, पंप घेतला. लई झ्याक. आता रान घ्यावं म्हनतो. कुठलं घ्यावं?”

म्हणजे माझ्या शब्दाला वजन होतं. वजन कुठं पडतं, ते मी कधी पाहिलं नव्हतं.

कलेक्टरिणीला सोमवारी दुपारपर्यंत चार गिऱ्हाइकं होती. सगळी बाहेरगावची. गावातलं कुणी तिला घेणार नव्हतं, कारण गावातल्या प्रत्येकाच्या घरी तिनं पाहणी केलेली होती. तिची करडं भावकीनं आधीच मागून ठेवली, तिला मात्र सगळ्यांनी हात जोडले.

सातला पोस्ट टाकली. सव्वासातला ढोकीच्या कारखान्यातल्या कारकुनानं कळवलं, आमच्या घरी दूध चालत नाही. त्यांना तीन मुलं आहेत. माकणीच्या मास्तरांना एकदम आठवलं की त्यांना शेळी नव्हे, सायकल घ्यायची होती. तिसऱ्यानं फोनच उचलला नाही.

राहिले मल्लिकार्जुन. तिकडं नळदुर्गच्या रस्त्याला त्यांची मटणाची खानावळ आहे. त्यांनी पोस्टखाली लिहिलं:

‘छान माहिती. आम्हाला दुधाचा प्रश्न येत नाही. वजन दिलं असतं तर बरं झालं असतं. धन्यवाद.’

*

बुधवारी सकाळी केंद्राच्या दारात उजेड अडला. आधी शेळी आत आली. मग काठी. मग हरणाबाई. मग त्यांची नात करिश्मा, जी तुळजापूरला कॉलेजात शिकते.

“भागवत. दीड भाकर?”

“आजी, आधी बसा.”

“बसायला न्हाय आले. दीड म्हंजे किती, सांग मला. आरं, दीड भाकर आमी कुत्र्याला टाकतो.”

“पोस्ट दोनदा वाचायला लावली, दादा,” करिश्मा म्हणाली. “दुसऱ्यांदा हळू.”

“मी जे बघितलं ते लिहिलं, आजी. एक कप दूध निघालं. माझ्या डोळ्यांदेखत.”

“कवा आला व्हतास?”

“सोमवारी.”

“सोमवारी काय व्हतं?”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. सोमवारच्या चौकोनात काळा गोळा होता.

“अवस,” मी म्हणालो.

“अवसंला तुज्या घरचं औत चालतं?”

“न्हाय. बैलांना सुट्टी असते.”

“मंग माज्या शेळीला न्हाय व्हय?”

आमचं घर शेतीचं. बैलाची अमावास्या मला ठाऊक होती, शेळीची नव्हती.

“अवसंचं दूध करडांचं,” हरणाबाई म्हणाल्या. “माज्या सासूच्या सासूपासनं चालत आलंय. त्या दिशी पोट टम्म फुगस्तोवर पित्यात. तू आलास. म्या म्हनलं, पोरगं च्याला आलंय. म्हनून करडाच्या तोंडातनं वढून कपभर काढलं तुज्यासाठी. आन तू त्याचा पेपर छापलास!”

“मग सांगायचं न्हाय का, आजी?”

“तू इचारलंस? तू निस्ता खाली मान घालून लिवत व्हतास.”

तेवढ्यात कलेक्टरिणीनं माझ्या टेबलावरचा एक अर्ज वरपासून खालपर्यंत तपासला आणि खाल्ला. उत्पन्नाच्या दाखल्याचा होता.

“दादा,” करिश्मानं विचारलं, “तुमी बाकीच्या वस्तू कवा तपासता?”

हा प्रश्न तिनं विचारायला नको होता. आमच्याकडं अमावास्येला कुणी नवं काम काढत नाही. कुणी फॉर्म भरत नाही, अर्ज करत नाही, सही करत नाही. केंद्र ओस पडतं. त्यामुळं पंप असो, पंखा असो की कुकर, माझी परीक्षणं मी निवांत अमावास्येलाच करत आलो होतो. सगळी. दोन वर्षं.

“असंच... सवड मिळेल तवा,” मी म्हणालो.

करिश्मानं कॅलेंडरची मागची पानं चाळली. पण त्या वेळी काही बोलली नाही. शहाणी पोरगी.

हरणाबाई शेवटी बसल्या. काठी आडवी मांडीवर घेतली.

“रईवारी सकाळी महारुद्र गाडी घेऊन येनार,” त्या म्हणाल्या. महारुद्र म्हणजे त्यांचा पुण्याचा मुलगा. “करिश्मा होस्टेलात चालली. घराला कुलूप. तवर हिला चांगलं घर मिळालं तर मिळालं. न्हाय तर त्यो खानावळवाला तयारच हाय. पाच वर्सं हिच्यासंगं बोलत आले म्या, भागवत. आन तुज्या दीड भाकरीपायी ती रश्श्यात जानार.”

शेळीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडातून अर्जाचा कोपरा बाहेर आला होता. त्यावर माझाच शिक्का होता.

*

दुरुस्ती, गुरुवार.

सोमवारचं परीक्षण अमावास्येला झालं असल्यामुळं चुकीचं होतं. त्या दिवशी मालकीणबाईंच्या घरी दूध करडांना सोडतात. आज पुन्हा तपासणी केली.

दूध: तांब्या भरून, वर फेस.
चव: मी दोनदा घेतली.
सूचना: दूध काढताना बोलत राहावं लागतं. हरणाबाईंना मध्ये ठसका लागला तर शेळीनं दूध थांबवलं. मी घाईघाईनं हवामानाबद्दल बोललो, मग पुन्हा सुरू केलं.
घ्यावं का? हो. जरूर. लवकर.
गुण: साडेचार भाकरी.

वाचकांच्या प्रतिक्रिया:

— किती भेटले?

— दोनदा घेतली म्हणतो. म्हणजे दुधावर विकला गेला.

— सोमवारी दीड, गुरुवारी साडेचार. शेळी आहे का शेअरबाजार?

— (माकणीचे मास्तर) दीड होती तेव्हा माझा पूर्ण विश्वास बसला होता.

— (मल्लिकार्जुन) अभिनंदन. वजन?

— (बलभीम भांडी भांडार) अमावास्येला म्हणजे? माझा कुकर कधी तपासला होता??

शेवटच्या प्रतिक्रियेला मी उत्तर दिलं नाही. तासाभरात अण्णा स्वतः आले. काखेत कुकर होता.

“बोल. पुनवेला तपासलास?”

“अण्णा, बसा.”

“येकादशीला?”

“अण्णा, चहा...”

“आरं, मंग अवसंला कुकर लाजंल न्हाय तर काय करंल!” अण्णांनी कुकर माझ्या कीबोर्डवर ठेवला. “मान्सं घराबाहेर पडत न्हाईत त्या दिशी, आन तू त्याला शिट्टी मारायला लावलंस!”

दुपारपर्यंत करिश्माला बोलायची गरजच उरली नाही. लोकांनी आपापली कॅलेंडरं काढली. ‘घ्यावं का?’ची सगळीच्या सगळी परीक्षणं अमावास्येची निघाली, म्हणून गावानं ती सरसकट रद्द ठरवली. एक जण पंखा घेऊन आला. त्याचा पंखा उत्तम चालत होता, पण आता त्याला त्याची खात्री वाटत नव्हती. ढोकीच्या माणसाचा फोन आला.

“दादा, रान बी परत करू का?”

मी त्या दिवशी एक गोष्ट शिकलो. मी वाईट लिहिलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, किती भेटले. वाईट बोलणारा माणूस आमच्याकडं आपोआप प्रामाणिक ठरतो. चांगलं बोलणाऱ्याला पुरावा द्यावा लागतो, आणि माझा पुरावा मी दोनदा पिऊन बसलो होतो.

शुक्रवारी मी कारखान्याच्या कारकुनाला फोन केला. ते म्हणाले, मीटिंगमध्ये आहे. मागं लहान पोरं दूध मागत होती.

*

शनिवारी दुपारी मल्लिकार्जुन जीप घेऊन आले. मोठा देह, पांढरा शर्ट, बोलणं इतकं मऊ की मटण विकतात यावर विश्वास बसू नये. पुढच्या सीटवर त्यांची आई बसली होती. लक्ष्मम्मा. त्या बोलत होत्या. जीप थांबली तेव्हा बोलत होत्या, मल्लिकार्जुन उतरले तेव्हा बोलत होत्या, आणि जीपमध्ये कुणी उरलं नाही तरी बोलत होत्या. अर्धं कन्नड, अर्धं मराठी.

“आमच्या मातोश्री,” मल्लिकार्जुन मला म्हणाले. “पहिल्यापासनं गल्ल्यावर बसायच्या. दिवसभर गिऱ्हाइकासंगं बोलनं. आता गुडघ्यानं घरी बसवल्या. घरात आयकायला कुनी न्हाय, म्हनून गाडीत घेऊन फिरतो. गाडी पळून जात न्हाय.”

मग ते हरणाबाईंकडं वळले आणि वाकून नमस्कार केला.

“बाई, घाई न्हाय. तुमाला दुसरं घर मिळालं तर आनंदच हाय. न्हाय मिळालं तर उद्या सकाळी नेतो. दावं म्या नवं आनलंय.”

आमच्याकडं जनावर विकताना दावं देत नाहीत. दावं घरात राहिलं की घराची बरकत घरात राहते, असं मानतात. गिऱ्हाइकानं आपलं दावं आणायचं, जुनं सोडून नवं बांधायचं. मल्लिकार्जुनांनी आणलेलं दावं चांगलं पिळाचं, नवंकोरं होतं. त्यांनी ते मापाला म्हणून कलेक्टरिणीच्या गळ्याशी धरलं आणि वजनाचा अंदाज घ्यायला मागं सरकले.

तेवढ्यात तिनं ते खाल्लं.

सगळं नाही. पण उरलं त्यानं कोंबडीही बांधता आली नसती.

“हरकत न्हाय,” मल्लिकार्जुन म्हणाले. “उद्या साखळी आनतो.”

जीप गेली. लक्ष्मम्मांचं बोलणं वळणापर्यंत ऐकू येत होतं. ‘साखळी’ म्हणत हरणाबाईंनी शेळीचं अर्धं उरलेलं दावं चाचपलं. मग म्हणाल्या,

“भागवत, तुजं ते डबडं आन हिकडं.”

“लॅपटॉप?”

“त्येच. तू चांगलं लिवलं, कुनाला पटलं न्हाय. आता चांगलं लिवू नको. म्या सांगते तसं लिव.”

*

हरणाबाई सांगतात (शनिवार, दिवेलागण)

म्या हरणाबाई. भागवत लिवतोय. त्यानं आपल्या मनाचं काय घालू नये म्हनून करिश्मा बाजूला बसलीय.

ही शेळी घेऊ नका, घाई आसंल तर. दूध काढताना बोलावं लागतं. काय बी बोला, पर खरं बोला. खोटं बोललं की पाय उचलती. माज्या जावेनं एकदा हिच्याफुडं सुनेचं कौतुक केलं. चरवी सांडली.

कडी काढती. कडी वर लावा. वरची बी काढती, पर येळ लागतो.

खुर्ची दिसली की बसती. पाव्हना आला तर त्याला आधी बसवा.

लग्नपत्रिका खाती. समद्या न्हाय. जी खाल्ली त्या लग्नाला जाऊ नका, हिनं कायतरी बघितलं आसनार.

दावं खाती. हे माज्याकडचं दावं सातवं हाय, ते बी अर्धं.

मागं चालत न्हाय. फुडं चालती आन वळून बघती, तुमी येताय का. गेल्या साली म्या बांधावर पडले. ही फुडं गेली व्हती. वळून बघितलं. परत आली आन माज्याजवळ बसली. म्या म्हनलं, भवाने, जा, कुनाला तरी बोलीव. गेली न्हाय. वरडली बी न्हाय. दोन घंटे निस्ती बसून ऱ्हायली. संकटात हिचा काय उपेग न्हाय.

अवसंला दूध मागू नका.

घ्यायची आसंल त्यानं उद्या सकाळी आठला यावं. शेळी म्या दावीन. पर आधी तुमाला बघनार.

भाकरी म्या देत न्हाय. शेळीला भाकरी मोजत्यात व्हय?

*

ही पोस्ट मी डोळे मिटून टाकली. मला वाटलं, संपलं.

अर्ध्या तासात ती कुकरच्या पोस्टपेक्षा पुढं गेली. ‘विकायला काढलेल्या शेळीबद्दल असं कोण लिहील? म्हणजे खरंच असणार.’ ‘माझ्या घरी खोटं बोलणाऱ्यांची सोय होईल का?’ ‘शेळी राहू द्या, पत्रिका आणून दाखवू का? मुलीच्या लग्नाची आहे.’ माकणीच्या मास्तरांनी एकच शब्द लिहिला: ‘सायकल रद्द.’

रविवारी आठला हरणाबाईंच्या अंगणात सहा घरची माणसं उभी होती. हरणाबाई बाजेवर. खुर्चीवर कलेक्टरीण.

“तुमच्या घरात कोन बोलतं?” हरणाबाईंनी कारखान्याच्या कारकुनाला विचारलं.

“बोलतं म्हणजे... टीव्ही असतो चालू.”

“येक भाकर,” हरणाबाई म्हणाल्या. “फुडं कोन?”

मी चमकून बघितलं. करिश्मा खरंच वहीत लिहून घेत होती.

मास्तर पुढं आले. त्यांनी धोतराचा सोगा आवरला, चरवी घेतली, खुर्चीवरच उभ्या झालेल्या शेळीशेजारी बसले आणि वर्गात बोलावं तसं खणखणीत आवाजात सुरू झाले. “मी तीस वर्षं शिकवतोय. माझ्या विद्यार्थ्यांचं माझ्यावर फार प्रेम आहे.”

कलेक्टरिणीनं पाय उचलला.

“म्हणजे, काहींचं,” मास्तर म्हणाले.

चरवी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली.

“दोन भाकरी,” हरणाबाई म्हणाल्या. “दुसरी, दुरुस्त केलं म्हनून.”

एका बाईंनी घर चांगलं सांगितलं, पण त्या अमावास्येलाही दूध डेअरीला घालतात. अर्धी भाकर. एक जण शेळीसोबत फोटो काढायलाच आला होता. त्याला काहीच मिळालं नाही, आणि त्याच्या टोपीचा गोंडाही गेला.

साडेनऊ वाजले. महारुद्रची गाडी दारात येऊन उभी राहिली. तिच्या मागं जीप.

मल्लिकार्जुन उतरले. हात मागं बांधलेले होते. मागं साखळी वाजत होती. ते रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहिले आणि पुढच्या दोन घरांना अर्धी-अर्धी भाकर मिळून आपला नंबर आला तेव्हाच बोलले.

“बाई, काल वाचलं तुमचं.”

“मंग?”

“निस्तं वजन बघत व्हतो तवर बरं व्हतं. मंग खुर्चीचं वाचलं.” त्यांनी खुर्चीकडं बघितलं आणि चटकन नजर वळवली. “आमचा धंदा तीन पिढ्यांचा हाय, बाई. खुर्चीवर बसल्याला आमी पानात वाढतो. पानात घालत न्हाय. मला जमायचं न्हाय. ही साखळी बलभीमरावांच्या दुकानातली हाय, परत देतो.”

आता गंमत बघा. त्या आठवड्यात पहिल्यांदा कलेक्टरिणीला कुणी मारणार नव्हतं आणि कुणी घेणारही नव्हतं. महारुद्रनं घड्याळ बघितलं. “आई, डॉक्टरनं दुपारची वेळ दिलीय.” हरणाबाईंनी काठी हातात घेतली. मी खाली बघितलं. या सगळ्याची सुरुवात माझ्या एका कपापासून झाली होती.

तेवढ्यात जीपचं दार आतून उघडलं. लक्ष्मम्मा उतरल्या, दोन्ही गुडघ्यांना शिव्या देत, एकाला मराठीत, एकाला कन्नडमध्ये. त्या थेट खुर्चीपाशी आल्या.

“इळी, इळी,” त्या शेळीला म्हणाल्या. “उतर म्हनते मी. मोठं मानूस आलं तर उटायचं कुनी शिकिवलं न्हाय व्हय तुला?”

कलेक्टरीण खुर्चीवरून उतरली. कुणाच्या सांगण्यावरून ती उतरलेली आजवर कुणी पाहिली नव्हती.

लक्ष्मम्मा खुर्चीवर बसल्या आणि सांगायला लागल्या. खानावळीत मीठ कसं जास्त पडतं आणि कुणी कबूल करत नाही. सून चांगली आहे, पण चांगली आहे असं तोंडावर म्हटलं तर डोक्यावर बसेल. मुलगा मऊ बोलतो, पण ऐकत नाही; मऊ बोलणारे कुणाचं ऐकत नाहीत. नवरा गेला त्याला अकरा वर्षं झाली आणि त्यानं लपवलेला अडकित्ता अजून सापडलेला नाही. बोलता बोलता त्यांनी चरवी ओढली, खाली वाकल्या, आणि दूध काढू लागल्या. धारेचा आवाज आला. थांबला नाही. चरवी भरली, करिश्मानं पळत जाऊन तांब्या आणला, तोही भरला. लक्ष्मम्मा अडकित्त्यावरच होत्या.

“गुडघे तुमचे बी गेले?” हरणाबाईंनी विचारलं.

“हौदु, हौदु! व्हय, दोनी!”

“पायऱ्या उतरताना जास्त?”

“उतरतानाच! चढताना देव धरतो, उतरताना सोडतो!”

त्या दोघी अर्धा तास बोलल्या. महारुद्रनं गाडीत बसून हॉर्न दोनदा वाजवला. तिसऱ्यांदा वाजवायची त्याची हिंमत झाली नाही, कारण शेळी त्याच्याकडं बघत होती.

“पावणेपाच,” हरणाबाईंनी शेवटी निकाल दिला. “पाव कमी, कारन निम्मं बोलनं मला कळलं न्हाय. हिला कळलं.”

“पण आजी,” मी हळूच म्हणालो, “ती खानावळ आहे.”

“ठाऊक हाय. म्हनून तू दर अवसंला तितं जायचं. बघायचं. आन लिवायचं. तुला न्हाय तरी त्या दिशी काम नसतंय.”

मल्लिकार्जुनांनी हात जोडले. ते जोडताना साखळी खाली पडली.

दावं सोडायची वेळ आली. हरणाबाईंनी ते स्वतः सोडलं, अर्धं खाल्लेलं, आणि गुंडाळून गुडघ्याच्या रिपोर्टांच्या पिशवीत ठेवलं. नवं बांधायला कुणाकडं काहीच नव्हतं. कलेक्टरीण तशीच निघाली. जीपपर्यंत पुढं चालत गेली, थांबली, आणि वळून बघितलं. हरणाबाई जागेवरच उभ्या होत्या.

“जा म्हनलं ना,” त्या म्हणाल्या. “म्या लिफ्टनं येते.”

*

‘घ्यावं का?’: विशेष परीक्षण. अमावास्या.

वस्तू: शेळी.
स्थळ: नळदुर्गच्या रस्त्याची खानावळ.
जिवंत आहे का? हो. मला बघून ओळख दाखवली नाही. उरलेला अर्धा इअरफोन खिशात होता, तो मात्र ओळखला.
दूध: मागितलं नाही.
सोबत: लक्ष्मम्मा. सकाळी सातपासून बोलत आहेत. अडकित्ता सापडला. कलेक्टरिणीनं कडी काढली त्या पेटीत होता.
कामकाज: दुपारी जेवणाच्या वेळी टेबलांमधून फिरते. प्रत्येकाच्या ताटात बघते, मग माणसाच्या तोंडाकडं बघते. मी बसलो होतो तेवढ्यात तीन टेबलांनी मटण सांगितलं आणि तिन्ही टेबलं पिठल्यावर आली.
मालकांचं म्हणणं: “गिऱ्हाईक वाढलं, भागवत. पर मटनाचं पातेलं तसंच ऱ्हातंय. लोक तिला बघायला येत्यात आन तिलाच लाजून पिटलं खात्यात. आता बोर्ड बदलावा का, तेवढं लिव.”

ता. क.: शिट्टीला शेळी बिचकते आणि लक्ष्मम्मांचं बोलणं तुटतं, म्हणून मल्लिकार्जुनांनी बलभीमअण्णांच्या दुकानातले ते सगळे लाजरे कुकर नेले. अण्णांनी माझ्या कीबोर्डवरचा कुकरही उचलून नेला आणि कीबोर्ड पुसून दिला.

गुण: देत नाही. मला मनाई आहे.

प्रतिक्रिया:

— (करिश्मा) आजीचं ऑपरेशन चांगलं झालं. शेळीचा फोटो पाठवला, पोस्ट फोनवर वाचून दाखवली. दुसऱ्यांदा हळू. पुढचं ती सांगते ते लिहिते.

— फोटूत बारीक दिसतीय. लक्ष्मम्माला सांग, मदी मदी गप बसत जा, तिला चरायला तोंड मोकळं पायजे. हितं समदं चांगलं हाय. दावं म्या दाराबाहेर खिळ्याला लावलंय. सोसायटीची मान्सं इचारत्यात, आजी, ह्ये काय. म्या सांगते, आमच्या कलेक्टरिणीचं हाय, ती खाली पाहनीला गेलीय. तवापासनं जिन्यात कुनी चपला वाकड्या सोडत न्हाय.